बाबागाडी घेताय? ‘ट्रॅव्हल सिस्टीम’ म्हणजे काय, ते आधी समजून घ्या

घरात बाळ येणार म्हटलं की मोबाईलवर बाबागाड्यांच्या रील्स सुरू होतात. त्यात हल्ली ‘ट्रॅव्हल सिस्टीम’ हा शब्द फार दिसतो. ही भानगड नेमकी काय?

बाबागाडीचा सांगाडा आणि तान्ह्या बाळाची कारसीट, असा हा जोड असतो. कारमधून सीट उचलायची, सांगाड्यावर खटकन बसवायची. झोपलेलं बाळ उठत नाही, हेच तिचं आकर्षण.

गोमही इथेच आहे. कारसीटमध्ये बाळ अर्धवट बसलेलं असतं. तान्ह्याची मान अजून धरलेली नसते. झोपेत हनुवटी छातीवर टेकली, तर श्वासाला अडथळा येऊ शकतो. म्हणूनच अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, की कारसीट प्रवासापुरतीच. पोहोचल्यावर झोपलेल्या बाळाला शक्य तितक्या लवकर सपाट, टणक अंथरुणावर पाठीवर ठेवा. मॉलमध्ये दोन तास त्याच सीटमध्ये फिरवणं टाळलेलंच बरं. पहिल्या महिन्यांत रोज फेरफटका मारायचा असेल, तर पाठ पूर्ण आडवी होणारी गाडी बघा.

छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान अभियंत्याने तयार केली. जिना चढताना तिच्यासारखं सुख नाही! पण पाठ पूर्ण आडवी होत नसेल, तर ती साधारण सहा महिन्यांनंतरच, बाळ मान सावरून बसू लागल्यावर.

घरी कार नसेल, तर ट्रॅव्हल सिस्टीमवर पैसे घालू नका. रिक्षात ती सीट बांधायला पट्टाच नसतो. कार असेल, तर मात्र कारसीट हवीच, मग ती वेगळी घेतलीत तरी चालेल. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार, १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसुरक्षा सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे. तान्ह्याची सीट मागच्या बाकावर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी बसवा. पुढे, चालू एअरबॅगसमोर कधीच नाही: एअरबॅग फुगली की थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते.

दुकानात जाण्याआधी लिफ्टचं दार आणि डिकी मोजून घ्या. गाडी एका हाताने मिटते का, तेही बघा. दुसऱ्या हातात बाळ असणार आहे.