रोशाचें तेल

सुगंधोपचार नांवाची एक नवी विद्या हल्लीं घरोघरीं शिरूं पाहत आहे. आमच्या डोंबिवलींतहि दुकानांतून चिमुकल्या काळसर बाटल्यांत नाना प्रकारचीं तेलें मिळूं लागलीं आहेत. त्यांपैकीं एका बाटलीवर 'पामारोझा' असें नांव असतें. नांव ऐकून वाटावें कीं, हें द्रव्य इटलीच्या किंवा फ्रान्सच्या एखाद्या बागेंतून आलें असावें. वस्तुतः हें आपल्या रोशा गवताचें तेल होय, आणि एके काळीं त्याचें मोठें पीठ खानदेशांत होतें. ज्या भिल्लाच्या विळ्यानें तें गवत कापलें त्यास हें नांव ठाऊक नव्हतें, आणि जी गृहिणी आज बाटली विकत घेते तिला तो भिल्ल ठाऊक नाहीं.

गवताची ओळख आपल्याकडे फार जुनी आहे. अमरकोशांत कत्तृण, सौगंधिक, देवजग्धक, रौहिष अशीं त्याचीं नांवें एकत्र दिलीं आहेत. मराठींतील 'रोशा' हा त्या रौहिषाचाच अपभ्रंश दिसतो. चरकसंहितेंत बाळंतिणीचें दूध वाढविणाऱ्या दहा द्रव्यांत दर्भ, कुश, काश यांच्या पंक्तीस कत्तृण बसविलें आहे. परंतु तें वचन गवताविषयीं आहे, भट्टींतून काढलेल्या तेलाविषयीं नाहीं, हें नीट ध्यानांत ठेवावें. शंभर किलो गवतामागें तेल निघतें जेमतेम अर्धा किलो. तेव्हां काढा आणि तेल यांच्या तीव्रतेंत केवढें अंतर पडतें तें वाचकांनींच पाहावें. ग्रंथाचा आधार दाखवून कोणी बाळंतिणीस हें तेल पाजूं म्हणेल, तर त्यास निक्षून नकार द्यावा.

पाश्चात्त्यांच्या वनस्पतिशास्त्रांत या गवताचें नांव 'सिंबोपोगॉन मार्टिनी' असें आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपू सुलतानाशीं झालेल्या युद्धाच्या वेळीं क्लॉड मार्टिन या फ्रेंच सेनानीनें बालाघाटाच्या मुलखांत त्याचें बीं गोळा केलें, लखनौस पेरलें आणि त्यांतलें कांहीं कलकत्त्यास रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे धाडलें. नांव सेनापतीचें पडलें. रॉक्सबर्ग लिहितो कीं, गुरें हें गवत अधाशासारखीं खातात व त्यांच्या दुधालोण्यालाहि त्याचा वास येतो.

आतां तेल कसें काढीत तें पाहूं. 1880 सालच्या खानदेश गॅझेटियरांत याचें साद्यंत वर्णन आहे. धंदा प्रथम पिंपळनेरास होता. तेथील गवत विरळ झालें तसा तो नंदुरबार, शहादें, तळोदें यांकडे सरकला, आणि एकट्या नंदुरबारांत शंभरावर भट्ट्या पेटूं लागल्या. पावसाळा सरतां सरतां गवत पिकूं लागलें म्हणजे मुसलमान कारागीर तें भिल्लांकडून विकत घेत आणि लांकूड व पाणी मुबलक अशा ओढ्याकांठीं चूल खणीत. तीसपासून पन्नास घडे पाणी मावेल असा तांब्याचा किंवा लोखंडी हंडा. त्यांत कापलेलें गवत कांठोकांठ भरलेलें. वर झांकण आणि कडेनें गव्हाच्या कणकेचा लेप. झांकणाच्या भोंकांतून वेळूची नळी निघे. तिला कापड गुंडाळून, उडदाच्या पिठानें लिंपून, दोरीनें आंवळीत. नळीचें दुसरें टोंक दुसऱ्या हंड्यांत असे, आणि तो हंडा वाहत्या पाण्यांत गळ्यापर्यंत बुडविलेला असे. वाफ थंड होऊन त्यांत उतरे. हंडा भरला म्हणजे हलूं लागे, तीच काम झाल्याची खूण. मग आंतलें पाणी तिसऱ्या भांड्यांत ओतून ढवळीत व वर आलेलें तेल हलक्या हातानें काढून घेत. उरलेलें पाणीहि फुकट जात नसे. पुढच्या खेपेस नव्या गवतावर तेंच घालीत. ऊर्ध्वपातनाचा प्रयोग शाळेंत आम्हीं कांचेच्या नळ्यांनीं पुष्कळ वेळां करून दाखविला. पण कणीक, उडीद, वेळू व ओढा एवढ्यावर भागविणाऱ्या या कारागिरांचा प्रयोग आम्हांस अधिक सरस वाटतो.

तेल कातडी बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवरून कुंडाईबारीच्या घाटानें सुरतेस, किंवा धुळें-मनमाडमार्गें मुंबईस जाई. तेथून तांबड्या समुद्रांतील बंदरांमार्गें तें कॉन्स्टॅन्टिनोपलास पोंचे. तेथील व्यापारी तें डिंकाच्या पाण्याशीं घुसळून, उन्हांत ठेवून फिकें करीत आणि गुलाबाच्या अत्तरांत बेमालूम मिसळीत. युरोपांत त्यास 'तुर्की जिरेनियम तेल' म्हणत. म्हणजे मूळ गांवहि पुसलें गेलें! भेसळ पचे याचें कारण असें कीं, गुलाबाच्या सुगंधांतील एक मुख्य घटक, जिरॅनिऑल, या गवतांत विपुल आहे. जेकबसेन या रसायनशास्त्रज्ञानें 1871 सालीं तें द्रव्य प्रथम वेगळें केलें तें याच तेलांतून. रोशाच्या दोन जाती आहेत. मोतिया ही उघड्या, कोरड्या उतारावर वाढते व तिचें तेल उंची. सोफिया ही ओलसर सावलींतली, तिच्यांत जिरॅनिऑल कमी व वास उग्र.

आमच्या मातोश्री थंडीच्या दिवसांत गुडघ्यांस हेंच तेल चोळीत. त्या त्यास 'रोशेल' म्हणत. सूनबाईंनीं पामारोझाची बाटली उघडली तेव्हां वासावरून आम्हीं तें तत्काळ ओळखलें. सांधेदुखीवर चोळण्याचा हा प्रघात दक्षिणेंत जुना आहे. त्यानें ऊब वाटते व कांहीं वेळ बरें वाटतें. सांध्याची झीज मात्र भरून येत नाहीं. जंतूंवर व बुरशीवर या तेलाचा परिणाम प्रयोगशाळेंत दिसला आहे, पण कांचेच्या बशींतील जंतु आणि माणसाच्या देहांतील रोग या भिन्न गोष्टी होत. जिरॅनिऑलानें डांस दूर राहतात. मात्र तें लवकर उडून जातें, म्हणून पुन्हां पुन्हां लावावें लागतें. रुमालावर एक थेंब टाकून हुंगल्यास मन प्रसन्न होतें हें खरें. त्यापुढें जाऊन रक्तदाब उतरतो, मधुमेह हटतो असें कोणी सांगूं लागल्यास दुकानाबाहेर पडावें. 'सुगंधोपचार' हें नांव रूढ करणारा गातफोसे हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. त्याचा ग्रंथ 1937 सालचा. पांच हजार वर्षांची परंपरा सांगणाऱ्यांनीं एवढें पाहून ठेवावें.

बाटली घेतांना एक थेंब कोऱ्या कागदावर टाकावा. तो उडून गेल्यावर तेलकट डाग राहिला तर खाद्यतेलाची भेसळ समजावी. पूर्वीं भुईमुगाचें तेल व टर्पेंटाइन यांत मिसळीत. आज जिरॅनिऑल कारखान्यांतहि तयार होतें, आणि तें ही कागदाची परीक्षा ओळखूं शकत नाहीं. कारखान्यांचे नाना वास सोशीत आलेलें डोंबिवलीकराचें नाकहि तेथें थकतें.

तेल नुसतें अंगास लावूं नये. चमचाभर तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलांत दोन थेंब पुरेत. प्रथम तें मिश्रण हाताच्या आंतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. कित्येकांस जिरॅनिऑलानें खाज सुटते, आणि म्हणूनच युरोपांत ठराविक प्रमाणाबाहेर असल्यास त्याचें नांव वेष्टनावर छापावें लागतें. डोळ्यांजवळ नेऊं नये. तान्ह्या मुलांस लावूं नये. गर्भवतीनें वैद्यास किंवा डॉक्टरास विचारल्यावांचून वापरूं नये. पिण्यासाठीं तर मुळींच नाहीं. बाटली घट्ट बुचाची, गडद कांचेची असावी, आणि नातवंडांचा हात पोंचणार नाहीं अशा वरच्या फळीवर, देवघरांतल्या तेलाच्या बाटलीपासून दूर ठेवावी.