लेकराचं पाणी तोडू नका

आपल्या मराठवाड्यात बऱ्याच गावांच्या वेशीपाशी मरीआईचं ठाणं असतं. पूर्वी पटकीची साथ आली की तो तिचाच कोप समजला जायचा. मग नैवेद्य व्हायचा, गाडा सजायचा आणि रोगाला शिवेपार घालवून लोक घरी यायचे. आज पटकीला आपण कॉलरा म्हणतो आणि एरवीच्या हगवण-ओकारीला सर्रास 'गॅस्ट्रो'. नावं बदलली, पण मृगाचा पाऊस पडला की हे दुखणं अजूनही दारात येतंच. फरक इतकाच, की आता ते कशातून येतं हे आपल्याला ठाऊक आहे.

जून २०२४ मधली गोष्ट. नांदेड जिल्ह्यातला मुगाव तांडा, जेमतेम ४४० लोकवस्तीचा. २६ आणि २७ जून या दोन दिवसांत तिथल्या ९३ जणांना पोटदुखी आणि जुलाब सुरू झाले. म्हणजे पाच माणसांमागे एक आजारी! कारण निघालं विहिरीचं दूषित पाणी.

उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात आणि पहिल्या पावसात गावची सगळी घाण वाहत त्यात उतरते. नळाचंही तसंच. पाणी आठवड्याने येत असेल तर मधल्या दिवसांत पाइप रिकामा असतो आणि फुटक्या जागेतून नालीचं पाणी आत शिरतं. म्हणून नळ आला की पहिलं पाणी सांडण्या-धुण्याला घ्यावं, पिण्याचं नंतर भरावं.

लातूरकरणींना पाण्याची किंमत कुणी शिकवायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, ५ लाख लिटर पाणी घेऊन. अशा टंचाईत आपण दिसेल त्या भांड्यात पाणी साठवतो. पण साठवलेल्या पाण्यात लेकरांचे हात बुडतात, पेले बुडतात, आणि चांगलं पाणी घरातच खराब होतं. लांब दांड्याचं ओगराळं आणि घट्ट झाकण, एवढ्यानेही मोठा फरक पडतो. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. त्यासाठी पाणी खळखळून उकळावं किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावं. आणि जारचं पाणी गार असलं म्हणजे ते शुद्ध असतंच असं नाही, बरं का!

आता मुख्य गोष्ट. बचत गटाच्या कामाने मी वाड्या-तांड्यांवर जाते. लेकराला जुलाब लागले की घरातली एखादी जाणती बाई हमखास म्हणते, "त्याला पाणी देऊ नका माय, पिलं की लगेच जातंय." तिची माया खोटी नसते, पण सल्ला घातक असतो. या आजारात जीव जातो तो बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि मीठ संपल्यामुळे. लहान लेकराचं अंगच केवढं! काही तासांत ते कोमेजतं.

१९७१ मध्ये बांगलादेशातून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले, तेव्हा बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून तेच रोग्यांना प्यायला द्यायचं ठरवलं. शंभरात तीसेक जण दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. आणि हे पाणी पाजलं कुणी? बहुतांशी रोग्यांच्या घरच्यांनीच. २०२३ मध्ये डॉक्टरांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

यामागचं शास्त्र साधं आहे. साखर आणि मीठ जोडीनं आतड्यातून अंगात शिरतात आणि पाण्याला सोबत ओढून नेतात. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी असते. मात्र प्रमाण नेमकं हवं. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. ओआरएसची पुडी आशाताईंकडे मिळते. १ लिटरची पुडी असेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण टाकायची आणि ते पाणी २४ तासांत संपवायचं. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. ओकलं तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने द्यावं. अंगावरचं दूध आणि जेवण मुळीच बंद करू नये. झिंकची गोळी मिळाली की जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यावी.

दुकानातून गोड पेयाचा खोका आणताना मात्र जपा. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी यासाठी कित्येक वर्षं झगडा दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली.

लेकराचे डोळे खोल गेले, टाळू बसली, रडताना पाणी येईना, सहा तासांत लघवी नाही, शौचात रक्त दिसलं किंवा ते मलूल पडलं, तर घरी वाट पाहत बसू नका. दवाखाना गाठा, आणि जाताना वाटेतही पाणी पाजत राहा.

मैत्रिणींनो, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणं हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं काम आहे. तपासणीनंतर गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा, आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं? पाणी भरतो आपण, रात्र जागतो आपण, तर हा प्रश्नही आपणच विचारायला हवा. आणि घरात मिठाच्या बरणीशेजारी ओआरएसच्या दोन पुड्या आजच ठेवा.