एमएच ३७ची अक्षरं

१ जुलै १९९८ला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला आणि पुढे इथल्या नव्या गाड्यांवर एमएच ३०च्या जागी एमएच ३७ आलं. नंबर लिहिणारे हात मात्र तेच राहिले, आधी पेंटरचे, मग रेडियमवाल्याचे. रिसोड असो की मानोरा, गिऱ्हाइकाची फर्माईश एकच: "जरा स्टाइलमध्ये टाका." इंग्रजी चारला डोक्यावर रेघ दिली की द, एकचा काना, म्हणजे ४१४१चे झाले 'दादा'. २१४चा 'राम', ८०५५चा 'बॉस'. डोकं भारीच, पण धडक देऊन पळालेल्या गाडीचा नंबर पोलिसांना सांगताना 'दादा' काय कामाचा?

नियम नव्हता असं नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ५१व्या नियमात तक्ताच आहे. मोटारसायकलच्या मागच्या पाटीवर अक्षर ३५ मिलिमीटर उंच, आकडा ४०, रेघ ७ जाड, मधलं अंतर ५. मोटारीला ६५, १०, १०. वळणाबद्दल त्या तक्त्यात अवाक्षर नाही. रेडियमवाल्याचं फावलं ते तिथेच.

जर्मनीत मात्र वळणाचाच विचार आधी झाला. १९७०च्या दशकात दहशतवादी काळ्या पट्टीच्या तुकड्याने पीचा आर, तीनचा आठ करू लागतील ही धास्ती होती. कार्लगेओर्ग हेफर या अक्षररचनाकाराने मग असा टाइप घडवला की एका अक्षराचा तुकडा दुसऱ्याला बसूच नये. सगळी अक्षरं ४७.५ मिलिमीटर रुंद, सगळे आकडे ४४.५. एम बिचारा अंग चोरून उभा, एकला ऐसपैस जागा. देखणा म्हणणार नाही कुणी, पण नंबर वाचणाऱ्या कॅमेऱ्याला असाच टाइप सोयीचा. तो आधी नंबराचे एकेक अक्षराचे तुकडे पाडतो, मग प्रत्येक ओळखतो; घरं सारखी असली की तुकडे चुकत नाहीत. आपल्याकडे ओ आणि आय ही अक्षरं मालिकेतूनच वगळून शून्य-एकचा घोळ मिटवला. तोडगा स्वस्त, आणि मला वाटतं पुरेसा.

कारंजा, शेलू बाजारवरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२०ची मुभा आहे. तिथे नंबर टिपायचा तो कॅमेऱ्यानेच. १ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना सक्तीची झालेली 'हाय सिक्युरिटी' पाटी जवळून पाहा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ठशाने दाबून उठवलेली साधी, बिनफाट्याची अक्षरं, त्यांवरच्या काळ्या मुलाम्यात ४५ अंशांत तिरपं, बारीक 'इंडिया'. डावीकडे अशोकचक्राचा २० मिलिमीटरचा होलोग्राम, लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक. कुलूप एकदाच लागतं. काढायचं तर तोडावंच लागतं.

जुन्या गाड्यांनाही ती लागू झाली, दुचाकीला ४५० रुपये, वर जीएसटी. नंबराचं काम गेलं तरी रेडियमवाल्याचं दुकान चालूच आहे. 'दादा' आता पेट्रोलच्या टाकीवर आणि 'आईचा आशीर्वाद' मडगार्डवर. तिथल्या अक्षरांना अजून कुणी माप लावलेलं नाही.