सुंभ आणि पीळ

युरोपातल्या माळरानांवर बिळं करून राहणारी एक खार हिवाळ्यात शीतनिद्रा घेते. अंग गार पडतं, काळजाचे ठोके मंदावतात, आणि तिच्या चेतापेशींतल्या टाऊ नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटचे गट चढू लागतात, अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूत चढतात तसेच. पेशीपेशींमधले जोडही आक्रसतात. मग खार जागी होते आणि थोड्याच वेळात फॉस्फेट उतरतं, जोड परत जुळतात! लाइपझिगच्या थॉमस आरेंट यांनी सहकाऱ्यांसह २००३ साली हे मांडलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच वाटेना.

बांधकामावर बांबूंची परांची सुंभाने बांधतात. चेतापेशीच्या लांब तंतूत सूक्ष्मनलिकांची परांची असते आणि टाऊ हा तिचा सुंभ. फॉस्फेटचा ऋण विद्युतभार त्याची पकड सैल करतो. गर्भातल्या वाढत्या मेंदूतही टाऊवर फॉस्फेट भरपूर असतं. तेव्हा हा बदल मुळात रोग नव्हेच. निरोगी प्रौढाच्या मेंदूत टाऊच्या एका रेणूवर सरासरी दोन-तीन गट असतात, अल्झायमरमध्ये त्याच्या तिप्पट-चौपट. ते उतरत नाहीत, आणि परांचीवरून सुटलेला टाऊ टाऊलाच बिलगू लागतो.

या रोगाची पहिली नोंदलेली रुग्ण आउगुस्टे डेटर १९०६ साली फ्रँकफुर्टमध्ये वारली. तिच्या मेंदूचे काप चांदीच्या क्षाराने रंगवून आलोइस अल्झायमर यांनी ते पाहिले. पेशींबाहेर ठिपके होते. ते अमिलॉइड नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचे, त्याची कथा वेगळी. पण काही ठिकाणी पेशी पार नाहीशी झालेली, आणि ती होती तिथे धाग्यांचा नुसता गुंता उरलेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण इथे अक्षरशः डोळ्यांना दिसते.

तो पीळ जवळून दिसायला २०१७ उजाडलं. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी ७४ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतले धागे गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. माणसाच्या मेंदूतल्या सर्वांत लांब टाऊमध्ये ४४१ अमिनो आम्लं असतात. धाग्याचा घट्ट गाभा होतो तो त्यांतल्या फक्त ७३ आम्लांचा. इंग्रजी सी अक्षरासारखी एक घडी, तिच्यावर नेमकी तशीच दुसरी, तिच्यावर तिसरी. एक मिलिमीटर उंची भरायला अशा वीस लाख घड्या लागतील. असे दोन पदर एकमेकांना लगटून पीळ धरतात. पुढे अल्झायमरच्या इतर रुग्णांचे मेंदू तपासले तर त्यांतही हीच घडी! डोक्यावर वर्षानुवर्षं ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत टाऊ तोच, घडी मात्र निराळी.

आणि हिवाळ्यात पुन्हा पुन्हा फॉस्फेट चढूनही त्या खारीच्या मेंदूत असा एकही धागा आढळला नाही.