तसबिरीसाठी किती पिक्सेल हवेत?

घरातील जुन्या छायाचित्रांच्या नव्या प्रती काढण्याचा विषय निघाला की रिझोल्यूशन हा शब्द आणि त्याच्या जोडीने 300 हा आकडा हमखास ऐकू येतो. मात्र तो मूळ फोटोला लागू करायचा की छापून येणाऱ्या प्रतीला, याचा उलगडा क्वचितच केला जातो. डिजिटल चित्र पिक्सेल नावाच्या सूक्ष्म चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते, या ठिपक्यांना स्वतःचे असे ठरावीक माप नसते, आणि कागदाच्या एका इंचात त्यांतील किती बसवायचे हे ठरल्यावरच चित्राचा छापील आकार निश्चित होतो. इंचामागील ठिपक्यांची ही संख्या म्हणजे रिझोल्यूशन. दुकानांतील बोलण्यात तिलाच सरसकट डीपीआय म्हटले जाते. म्हणूनच फाइलमधील 72 ही नोंद खोडून तेथे 300 असे लिहिले, तरी पिक्सेल होते तेवढेच राहतात आणि छपाईत तसूभरही सुधारणा होत नाही.

300 या आकड्याचे मूळ मानवी डोळ्याच्या मर्यादेत आहे. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे ओळखता यावेत, यासाठी त्यांच्यात किमान एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन असावा लागतो, आणि हातात धरलेला फोटो साधारण 12 इंचांवरून पाहिला जातो असे मानल्यास हे अंतर इंचाच्या सुमारे 285 व्या भागाएवढे भरते, जे सोयीसाठी 300 धरले जाते. या हिशेबाने अल्बममधील 4 बाय 6 इंचांच्या प्रतीला 1200 बाय 1800 आणि 8 बाय 10 इंचांच्या प्रतीला 2400 बाय 3000 पिक्सेल लागतात. भिंतीवरची तसबीर मात्र चार फुटांवरून पाहिली जाते, त्यामुळे तेथे इंचामागे याच्या चौथ्या हिश्श्याएवढे ठिपकेही डोळ्याला पुरतात. कोणी जवळ जाऊन पाहील हे लक्षात घेऊन 150 धरले तरी पुरेसे होते.

स्कॅनर कोणत्या आकड्यावर लावायचा, हे मूळ फोटो किती पट मोठा करायचा आहे त्यावर अवलंबून असते: प्रत मुळाएवढीच हवी असेल तर 300, दुप्पट हवी असेल तर 600. गणित एवढे सरळ असले, तरी कित्येक घरांत दिवंगत आजी-आजोबांचा एकमेव फोटो पासपोर्ट आकाराचा, म्हणजे 35 बाय 45 मिलिमीटरचा असतो आणि त्यापासून 12 बाय 15 इंचांची तसबीर करायची असते, तेव्हा त्याची खरी कसोटी लागते. हा फोटो 1200 वर स्कॅन केल्यास सुमारे 1650 बाय 2125 पिक्सेल मिळतात, म्हणजे तसबिरीत इंचामागे 140 च्या आसपास, आणि ते दुरून पाहण्यास चालण्यासारखे आहे. तथापि पिक्सेल मिळाले म्हणून तपशीलही मिळाला असे होत नाही, कारण जो बारकावा मूळ कागदावर उमटलेलाच नाही तो स्कॅनर कोठून आणणार?

मूळ फोटोत किती तपशील आहे, हे तो कसा तयार झाला त्यावरून ठरते, आणि निवडीचा खरा आधार हाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टुडिओंमध्ये काढले जाणारे, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले कॅबिनेट कार्ड हे बहुधा मोठ्या काचेच्या निगेटिव्हवर कागद थेट दाबून उमटवलेले असे. मध्ये भिंग येऊन प्रतिमा मोठी केलेली नसल्याने त्यात नऊवारीच्या काठाची वीण किंवा पगडीची घडीसुद्धा टिपलेली आढळते, आणि असा फोटो 600 वर, जमल्यास 1200 वर स्कॅन करणे योग्य ठरते. पुढे मध्यमवर्गीय घरांत पोहोचलेल्या आग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्याच्या 6 सेंटिमीटर चौरस प्रतीही अशाच थेट दाबून काढल्या जात, पण त्या कॅमेऱ्याचे भिंग अगदी साधे असल्याने 600 च्या पुढे हाती लागतो तो बहुतांशी कागदाचा पोत. रंगीत फिल्मच्या काळातील पोस्टकार्ड आकाराच्या प्रतींत तपशील सहसा इंचामागे 300 च्या आसपासच असतो. अशा वेळी निगेटिव्ह शाबूत असेल, तर ते प्रतीपेक्षा केव्हाही अधिक मोलाचे: 35 मिलिमीटर फिल्मची 24 बाय 36 मिलिमीटरची चौकट 2400 वर स्कॅन केल्यास सुमारे 2270 बाय 3400 पिक्सेल मिळतात, ज्यांतून 300 च्या मापाने साडेसात बाय सव्वाअकरा इंचांची स्वच्छ प्रत निघते. निगेटिव्हच्या पाकिटांना अडगळ समजून ती टाकून देणे, ही या बाबतीत घराघरांत होणारी सर्वांत मोठी हानी आहे.

स्कॅनरच्या खोक्यावर छापलेले अवाढव्य आकडे मात्र बारकाईने वाचावेत. यंत्राचे भिंग आणि संवेदक खरोखर टिपू शकतात ते ऑप्टिकल रिझोल्यूशन. त्यापलीकडचे इंटरपोलेटेड रिझोल्यूशन म्हणजे शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरलेले ठिपके, ज्यांनी फाइल फुगते, चित्र सुधारत नाही. रंगीत प्रतींतील रंग सारख्या वेगाने उडत नाहीत, म्हणून अनेक जुने फोटो तांबूस दिसू लागतात. त्यांच्यासाठी ठिपक्यांच्या संख्येइतकेच रंगछटांना महत्त्व असते, आणि 24 ऐवजी 48 बिटवर स्कॅन केल्यास प्रत्येक मूळ रंगाच्या 256 ऐवजी 65,536 पायऱ्या नोंदल्या जात असल्याने रंग सावरायला वाव राहतो.

चेहरा आपोआप स्पष्ट करून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविषयी विशेष सावधगिरी हवी. ही साधने असंख्य परक्या चेहऱ्यांवरून शिकलेली असतात, आणि धूसर जागी त्या शिकवणीतून डोळे, दात, त्वचा रचून भरतात. परिणामी तसबीर रेखीव होते, पण तिच्यातील माणूस थोडा दुसराच होतो, आणि ज्या पिढीने त्या आजीला पाहिलेच नाही तिला हा फरक कधीच कळणार नाही. मूळ स्कॅन टिफ स्वरूपात, काहीही न बदलता वेगळे ठेवावे आणि दुरुस्ती त्याच्या प्रतीवर करावी. छपाईसाठी फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवायचीच असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर कष्टाने मिळवलेले पिक्सेल वाटेतच गळतात. कोकणासारख्या दमट हवेत फोटो चौकटीच्या काचेला चिकटलेला आढळल्यास तो ओढून काढू नये, कारण काचेबरोबर प्रतिमेचा थरही सुटतो. काचेसकट स्कॅन करावे, किंवा दोन्ही बाजूंनी तिरपा प्रकाश देऊन कॅमेऱ्याने समोरून टिपावे.