केमोथेरपी आणि पथ्याचा अतिरेक

कर्करोगाचे निदान होऊन केमोथेरपीचे वेळापत्रक रुग्णाच्या हाती पडते न पडते तोच, औषधाचे नावही धड ठाऊक नसलेले आप्तेष्ट त्याच्या आहाराविषयी एकामागून एक फर्माने काढू लागतात. आणि साखर, दूध, अंडी, डाळी, आंबट, तिखट, थंड अशी निषिद्ध पदार्थांची यादी दिवसेंदिवस लांबत जाऊन अखेरीस ताटात तांदळाची पेज आणि मोसंबीचा रस एवढेच काय ते शिल्लक राहते. ज्या अंबाजोगाईत १९७४ पासून ग्रामीण भागासाठीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जेथून उपचारासाठी कोणी लातूरला, कोणी बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात, कोणी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, तर कोणी थेट परळच्या टाटा रुग्णालयात जातो, त्या गावातही ही यादी बहुधा डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा अधिक निष्ठेने पाळली जाते.

यादीतील पहिले कलम साखरेचे. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधिक प्रमाणात ओढून घेतात, हे ओटो वारबुर्ग ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच दाखवले होते आणि पेट स्कॅनची तपासणीही ह्याच गुणधर्मावर चालते. परंतु त्यावरून साखर तोडली की रोग उपाशी मरेल असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र निराधार आहे. खाणे थांबले तरी रक्तातील साखरेची पातळी टिकवून धरणे हे यकृताचे काम असते, आणि ते काम यकृत आधी स्वतःतील साठ्यातून व मग स्नायूंतील प्रथिनांपासूनही करते; म्हणजे उपासमार होते ती रुग्णाची. वजन झपाट्याने उतरले की औषधाची मात्रा कमी करणे वा पुढचा डोस लांबणीवर टाकणे डॉक्टरांना भाग पडते. मधुमेही रुग्णांची गोष्ट अर्थात वेगळी, आणि वांती थांबवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडमुळे साखर वाढते, ह्याकडे त्यांनी विशेष लक्ष द्यावे.

प्रथिनांवरील बंदी तर त्याहूनही घातक. ह्या काळात शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रथिने मिळावीत असा आहारतज्ज्ञांचा सर्वसाधारण दंडक आहे. पन्नास किलो वजनाच्या व्यक्तीस ती ५० ते ७५ ग्रॅम होतात, आणि वाटीभर पेजेत ती दोन ग्रॅमही नसतात. उलट १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १०, तितक्याच तुरीच्या डाळीत सुमारे २२, शेंगदाण्यांत त्याहून किंचित अधिक, आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. दुधात भिजवलेली मऊ भाकरी, घट्ट वरण, शेंगदाण्याचे कूट घातलेली भाजी, उकडलेले अंडे ही सामग्री आपल्याकडच्या गरिबाच्या घरीही पुष्कळदा असते. असे असता औषधाच्या दुकानातील महागड्या पावडरीच्या डब्यासाठी कर्ज काढणारे लोक पाहिले की मन खिन्न होते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे, आणि चावता-गिळता येत नसेल तर त्या डब्याचाही उपयोग होतो.

येथे उपवासाचा प्रश्न ओघानेच येतो. मार्गशीर्षातील योगेश्वरी देवीचे नवरात्र हा अंबाजोगाईच्या धार्मिक जीवनातील सर्वांत मोठा उत्सव, आणि दुखण्यातून सुटका व्हावी म्हणून रुग्णानेच कडक उपवास धरल्याची उदाहरणे घरोघरी सापडतात. श्रद्धेविषयी येथे काहीच म्हणावयाचे नाही. केवळ इतकेच, की आजाऱ्यास उपवासातून सूट देण्याची मुभा परंपरेतही आहे, आणि व्रत घरातल्या दुसऱ्या कोणी चालवले तरी देवीची हरकत असेल असे वाटत नाही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. त्याला आधार असतो तो त्यातील शेंगदाण्याच्या कुटाचा. उपवासाने केमोथेरपीचे दुष्परिणाम घटतात काय, ह्याचे प्रयोग परदेशांत झाले आहेत. पण ते निवडक रुग्णांवर, वैद्यकीय देखरेखीखाली झालेले असल्यामुळे घरच्या उपवासाला त्यांचा दाखला लागू पडत नाही.

पोट रिकामे ठेवले म्हणजे वांती होणार नाही, हाही असाच एक समज. वस्तुतः रिकाम्या पोटी मळमळ बळावते. दोन-दोन तासांनी चार घास खाणे, फोडणीच्या वासापासून दूर बसणे, आणि वांतीची गोळी वांती होण्यापूर्वीच, सांगितलेल्या वेळी घेणे हे तिच्यावरचे उपाय.

थंड पदार्थांविषयी मात्र जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण येथे एकाच निषेधाने दोन परस्परविरोधी परिणाम घडतात. ऑक्झालिप्लॅटिन हे औषध सुरू असता थंड पाण्याचा घोट घेतला तर घशात आवळल्यासारखे होते आणि श्वास कोंडल्याचा भास होतो. म्हणून त्या रुग्णास काही दिवस थंड वर्ज्यच. परंतु फ्लुरोयुरॅसिल शिरेतून एकदम दिले जात असता सुमारे अर्धा तास तोंडात बर्फाचे खडे धरले, तर तोंड येण्याचे प्रमाण घटते. बर्फाने तोंडातील रक्तवाहिन्या आकुंचन पावून तेथे औषध कमी पोहोचते, एवढेच त्यामागचे कारण. सबब, शेजारच्या रुग्णाला थंड मना होते म्हणून आपणही ते टाळावे, ह्याला काही अर्थ नाही.

कच्च्या भाज्या आणि फळे सर्वस्वी बंद करावीत, हा नियम काही रुग्णालयांतही दीर्घकाळ चालत आला. पण त्याने जंतुसंसर्ग कमी होतो असे तुलनात्मक अभ्यासांत सिद्ध झाले नाही. महत्त्व आहे ते स्वच्छतेला: हात धुणे, पाणी उकळणे, फळ घरी धुऊन व सोलून खाणे, गाड्यावरचा रस आणि उघड्यावरची चटणी टाळणे. अनेक औषधांनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या दिवसांत हे कसोशीने पाळावे, आणि ताप १००.४ फॅरनहाइटला पोहोचला तर घरगुती काढे करीत न बसता त्याच वेळी, मग ती मध्यरात्र का असेना, रुग्णालय गाठावे.

काढ्यांचा विषय निघालाच आहे. भाजीतील हळदीने कोणाचे काही बिघडत नाही. प्रश्न आहे तो गोळ्या, अर्क, पानांचे रस आणि नाव नसलेल्या पुड्यांचा. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले, आणि आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद काहीही असो, केमोथेरपीची कित्येक औषधे यकृतातूनच जात असल्यामुळे तेथे आणखी एक अनोळखी भार टाकण्यापूर्वी विचारणे शहाणपणाचे.

जीवनसत्त्वाची गोळी तरी निरुपद्रवी असेल, असे वाटणाऱ्यांसाठी फॉलिक आम्लाचा इतिहास सांगण्याजोगा आहे. लुसी विल्स ह्या इंग्रज संशोधिकेने मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करून त्यावर यीस्टचा अर्क गुणकारी ठरतो असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले; त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे फॉलिक आम्ल ठरले. तेच बालकांच्या रक्ताच्या कर्करोगात दिले असता रोग बळावतो अशी शंका बोस्टनच्या सिडनी फार्बर ह्यांना आली, आणि त्यांनी त्याच्या विरोधी द्रव्याचा, येल्लाप्रगडा सुब्बाराव ह्यांच्या गटाने तयार केलेल्या अमिनोप्टेरिनचा, प्रयोग करून १९४८ मध्ये तात्पुरते का होईना, पण यश मिळवले. आजचे मेथोट्रेक्झेट हे त्याच कुळातील. कर्करोगासाठी ते चालू असता फॉलिक आम्लाची गोळी मनाने घेणे म्हणजे औषधाच्याच विरुद्ध उभे राहणे; आणि पेमेट्रेक्सेड चालू असता तीच गोळी डॉक्टर आग्रहाने देतात, कारण ती न घेतल्यास दुष्परिणाम तीव्र होतात. पालेभाजीतील फॉलिक आम्लाची मात्र कोणी धास्ती घेऊ नये. घरात असतील त्या सर्व गोळ्या, पुड्या आणि बाटल्या एका पिशवीत भरून पुढच्या डोसाच्या वेळी डॉक्टरांपुढे मांडाव्यात, आणि कोणती चालू ठेवायची ते त्यांच्याकडून औषधाच्या नावासह लिहून घ्यावे.