लेकरांचं पोट – भाग ६ : शीचा रंग

गेल्या आठवड्यात तान्ह्या बाळाच्या उलट्यांबद्दल लिहिताना मी धीर धरायला सांगितलं होतं. आजच्या दुखण्यात थांबून चालत नाही.

जन्मानंतर दोन-तीन दिवसांत बरीच बाळं पिवळी दिसतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत कावीळ उतरते. अंगावरच्या दुधामुळे ती कधी लांबतेही. म्हणून ‘कोवळ्या उन्हात धरा, जाईल’ असं घरात सगळे सांगतात. पण चौदा दिवसांनंतरही डोळे पिवळे असतील, तर दुपटं बघा. यकृतातलं पित्त आतड्यात उतरतं, त्यानेच शी पिवळी होते. बिलिअरी अ‍ॅट्रेशिया या आजारात पित्त वाहून नेणाऱ्या नळ्याच बंद पडतात. मग शी शाडूसारखी फिक्की होते, आणि एरवी पाण्यासारखी असणारी लघवी दुपट्यावर पिवळा डाग सोडते. बाळ मात्र दूध पितं, वजनही धरतं. घरचे निर्धास्त राहतात ते त्यामुळेच. आत यकृत घट्ट होत चाललेलं असतं.

अशा वेळी रक्तातलं नुसतं एकूण बिलिरुबिन बघून भागत नाही, ‘डायरेक्ट’ किती तेही हवं. ते वाढलेलं असेल तर उन्हाचा काडीचाही उपयोग नाही. बाळाला मुलांच्या पोट-यकृताच्या तज्ज्ञाकडे तातडीने न्यावं. ते उपाशीपोटी सोनोग्राफी करतात आणि गरज पडल्यास यकृताचा बारीक तुकडा तपासतात.

जपानमधल्या सेंदाईचे सर्जन मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली. बंद नळ्या काढून टाकायच्या आणि लहान आतड्याची वेटोळी थेट यकृताला जोडायची. साठ दिवसांच्या आत ती झाली, तर पित्त वाहू लागण्याची आशा बरीच जास्त. उशीर झाला की बहुधा यकृत प्रत्यारोपणच उरतं. भारतात लहान मुलाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झालं, ते याच आजारासाठी. वडिलांनी आपल्या यकृताचा भाग दिला होता.

तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक नव्या आईला शीच्या रंगांचं कार्ड मिळतं. त्याच्याशी दुपटं ताडून बघायचं, बस्स. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही, आणि लसीचा पुढचा डोस दीड महिन्याचा. म्हणजे साठातले चाळीसहून अधिक दिवस बाळाला डॉक्टरांनी न बघताच जाऊ शकतात! आशाताई मात्र चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी घरी येतात. त्यांना दुपटं दाखवायला संकोच कसला? ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, तेव्हा दिवसाउजेडी बघा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आणखी एक. पित्ताअभावी व्हिटॅमिन के शरीरात नीट शोषलं जात नाही, त्यामुळे रक्त लवकर गोठत नाही. पिवळ्या बाळाच्या नाकातून, बेंबीतून किंवा सुई टोचल्या जागेतून रक्त येत राहिलं, तर सकाळची वाट न बघता त्याच घडीला दवाखाना गाठा.